नव्यानं बांधलेलं इंजिन पाणी पितंय

पत्र: माझी २०११ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. मार्चमध्ये इंजिन पूर्ण बांधून घेतलं. बोअरिंग, नवे पिस्टन आणि रिंगा, हेडला (सिलिंडरवर बसणाऱ्या वरच्या भागाला) सपाट करायचं फेसिंग, नवं हेड गॅसकेट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील), नवा वॉटर पंप असं सगळं काम झालं. त्यानंतर गाडी ९०० किलोमीटर चालली आहे. रोजचं जाणं-येणं तासाभराचं. दर आठवड्याला कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) पाव लिटरनं उतरतं, पण सकाळी पार्किंगच्या फरशीवर थेंबही दिसत नाही. तापमानाचा काटा मध्यावरच असतो. घरी आल्यावर बोनेटपाशी गोडसर वास येतो. गॅरेजवाले म्हणतात, "नवीन इंजिन आहे, सेट होईल, पाणी टाकत राहा." शेजारचे काका म्हणतात रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक. दुसऱ्या मिस्त्रीनं सरळ हेड खोलायला सांगितलं. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन ओंकारेश्वरला जायचं आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: तूर्तास तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. रिंगा सेट होतात, गळती सेट होत नाही. गॅरेजवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच: इंजिन बांधल्यावर ब्लॉकच्या आणि हीटरच्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते. ती पहिल्या दोन-चार फेऱ्यांत निघून जाते आणि पातळी एकदा-दोनदा खाली बसते. पण ९०० किलोमीटरनंतरही दर आठवड्याला तेवढंच उतरतंय, म्हणजे ती हवा नव्हे. कूलंट कुठून तरी जातंय. आणि ते कुठून जातंय हे कळायच्या आधी हेडला पाना लावणं म्हणजे ताप आला की आधी पोट उघडून बघण्यासारखं आहे.

फरशी कोरडी का, याचा हिशेब आधी करू. एका मिलीलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर २५० मिली म्हणजे ५,००० थेंब. गाडी रोज तासभर चालते आणि गळती फक्त इंजिन गरम आणि दाबाखाली असतानाच होते असं समजा. मग तासाला साधारण ७०० थेंब, म्हणजे पाच सेकंदांना एक थेंब. तो थेंब गरम एक्झॉस्टवर किंवा ब्लॉकवर पडला तर खाली पोचायच्या आतच वाफ होऊन जातो, मागे उरतो तो गोड वास. तुमच्या पत्रातला हा वासच सगळ्यात कामाचा आहे. कूलंट सिलिंडरमध्ये जळत असतं तर वास सायलेन्सरपाशी आला असता. बोनेटपाशी येतो, याचा अर्थ गळती बहुधा बाहेर आहे. आणि बाहेरची गळती म्हणजे बहुतेक वेळा काही शे रुपयांचं काम.

आता मोजणी नीट करा. कूलंटच्या बाटलीवर सकाळच्या, पूर्ण थंड इंजिनच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि नेहमी त्याच जागी, त्याच वेळी पाहा. इंजिन तापलं की साडेचार लिटर कूलंट फुगून बाटलीत दीडशे-दोनशे मिली वर चढतं. संध्याकाळी पाहून "भरलेलं आहे", सकाळी पाहून "कमी झालं" असा घोळ बरेच जण घालतात. टॉप-अप मापाच्या बाटलीनं करा आणि किती मिली, किती किलोमीटरनंतर, हे लिहून ठेवा. आठवडाभराची ही नोंद गॅरेजमध्ये तुमच्या शब्दापेक्षा जास्त चालते. अजून एक: एसी चालवून आल्यावर गाडीखाली दिसणारं पाणी धरू नका. ते साधं पाणी असतं. बोटावर घेऊन पाहा. कूलंट बुळबुळीत लागतं, त्याला रंग असतो आणि ते लवकर वाळत नाही.

सगळ्यात स्वस्त संशयिताकडे पहिल्यांदा वळा, तो म्हणजे रेडिएटरचं झाकण. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब. या दाबामुळेच कूलंट उकळायचं थांबतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर असल्यानं इथे उघड्या पातेल्यातलं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच पाणी साधारण ११७-११८ अंशांपर्यंत तग धरतं आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलेलं कूलंट त्याच्याही वर. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब आधीच सुटतो आणि कूलंट बाटलीतून वाफेनं उडून जातं. झाकणात मधोमध एक छोटी झडप असते, ती इंजिन थंड होताना बाटलीतलं कूलंट परत ओढून घेते. ती चिकटली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असा प्रकार होतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) सकाळी चपटा झालेला दिसला तर दोष तिथेच. इंजिनचं एवढं काम केलं आणि झाकण जुनंच ठेवलं असेल, तर त्याच आकड्याचं नवं घ्या. जास्त आकड्याचं नको.

आता मुख्य गोष्ट: प्रेशर टेस्ट. हा हातपंप आणि गेज असलेला साधा संच असतो, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांकडे किंवा बऱ्या गॅरेजमध्ये मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनवर करायची. कूलंट तोंडापर्यंत भरा, झाकणाच्या जागी पंपाचा अडॅप्टर बसवा आणि झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्या, त्याहून तसूभरही जास्त नाही. ०.९ असेल तर ०.९. मग २० मिनिटं हात न लावता थांबा. काटा जागेवर राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा खाली यायला लागला की टॉर्च घेऊन आवाज आणि ओल शोधायची. थंड इंजिनवर करायचं कारण असं, की ॲल्युमिनियम आणि रबर थंडीत आकसतात, होज आवळणारे क्लॅम्प ढिले पडतात आणि पडलेला थेंब वाफ न होता तसाच राहतो, दिसतो. थंडीत काहीच सापडलं नाही तर इंजिन गरम करून बंद करा. वरचा होज मुठीत आरामात धरता येईल इतकं निवू द्या, मगच झाकण उघडून हीच चाचणी पुन्हा करा. काही फटी कोमट इंजिनवरच उघडतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, तेव्हा घाई नको.

कुठे बघायचं? इंजिन बांधताना जे जे सुटं झालं, तिथे तिथे. होजच्या टोकांपासून सुरुवात करा. नवं रबर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबून बसतं, त्यामुळे ५०० किलोमीटरच्या आसपास स्क्रूचे क्लॅम्प थंड इंजिनवर पुन्हा एकदा आवळायचे असतात. हे बहुतेक गॅरेजमध्ये राहूनच जातं. पेचकसानं, मनगटाच्या जोरावर आवळा. क्लॅम्पच्या खाचांतून रबर फुगून वर यायला लागलं की जास्त झालं. कंपनीच्या मूळ स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर त्याच ठेवा, त्या रबराबरोबर आपोआप आवळत राहतात. मिस्त्री त्या काढून टाकतात कारण बसवायला त्रासदायक असतात. होजच्या तोंडाशी पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली दिसली तर थांबा, गळती तिथेच आहे. कूलंट वाळलं की मीठ फुटल्यासारखी ही खपली उरते.

त्यानंतर थर्मोस्टॅटचं (तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, टेम्परेचर सेन्सरचे आटे आणि वॉटर पंप. पंपाच्या खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गळलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं, म्हणून. नव्या पंपातून पहिल्या काही तासांत एखाद-दोन थेंब आले तर सील बसतंय म्हणून सोडून देता येतं. ९०० किलोमीटरनंतर तिथे ओल असेल तर पंप बदला. टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे पंप असेल तर कव्हर काढूनच पाहावं लागतं. कूलंट लागलेला बेल्टही मग बदलायलाच हवा.

ब्लॉकच्या मागून जाणारा धातूचा पाण्याचा पाइप विसरू नका. अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांत पंपाला कूलंट पोचवणारा हा पाइप एका ओ-रिंगवर (गोल रबरी सीलवर) नुसता खुपसलेला असतो. इंजिन उतरवताना तो निघतो आणि परत बसवताना तीच जुनी, चपटी झालेली ओ-रिंग वापरली जाते. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू, पण ती एक्झॉस्टच्या बाजूला, हाताला न लागणाऱ्या ठिकाणी असते. बोनेट उघडून वरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. लांब दांड्याचा आरसा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा खाली घालून व्हिडिओ काढा. तसंच ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाटीसारख्या टिकल्या असतात, त्यांना वेल्श प्लग म्हणतात. ब्लॉक बोअरिंगला गेला तेव्हा त्या काढून नव्या ठोकल्या असतील. एखादी तिरकी बसली असेल तर दाबाखाली तिच्या कडेनं पाझर येतो. संशय आहे पण ओल दिसत नाही, अशा जागी कोरडं करून टाल्कम पावडर भुरभुरा. अर्ध्या तासानं पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. अतिनील टॉर्च आणि कूलंटमध्ये मिसळायचा रंगही मिळतो, पण पावडर घरात असते.

शेवटी गाडीच्या आत बघा. पुढच्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओलसर आहे का, काचेवर आतून तेलकट धुकं येतं का? तसं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

समजा चाचणीत दाब उतरतोय, पण बाहेर सगळं कोरडं. आता आतल्या शक्यतांकडे यायचं, आणि इथेही हेड पहिलं नाही. काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधून) किंवा थ्रॉटल बॉडीखालून (हवेच्या झडपेखालून) कूलंट फिरतं. तिथलं गॅसकेट नीट बसलं नाही तर इंजिन कूलंट हवेबरोबर ओढून जाळतं, पांढरा धूर येतो आणि दोष मात्र हेड गॅसकेटच्या माथी मारला जातो. मॅनिफोल्ड काढणं हेड काढण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आधी ते पाहा. मग रात्रभर दाब देऊन ठेवा. सकाळी चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवा आणि स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवा. ज्या सिलिंडरच्या भोकातून फवारा उडेल तो दोषी. प्लग न काढता हे करायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरी खूण निळ्या द्रवाची. कूलंट चार-पाच सेंटिमीटर खाली काढून रेडिएटरच्या तोंडाशी या द्रवानं भरलेली नळी धरतात आणि इंजिन गरम, चालू असताना वरची वाफ रबरी फुग्यानं त्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर पेट्रोल इंजिनात निळ्याचं पिवळं होतं. रंग निळाच राहिला आणि प्लगच्या भोकांतून फवाराही उडाला नाही, तर हेड खोलायचं कारण उरत नाही. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर आला किंवा डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, तर मात्र गाडी त्याच दिवशी थांबवा. थंडीत छोट्या फेऱ्यांनी असा थर नुसत्या दमटपणानंही येतो, पण इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये ती सबब चालत नाही. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल नव्या बेअरिंगांची चाळण करतं. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला आणि दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला.

हेड खोलावंच लागलं, तर समोर उभे राहा आणि चार गोष्टी पाहा. पहिली, सपाटी. हेडवर आणि ब्लॉकवरही पोलादी सरळ पट्टी चार कडांना आणि दोन तिरक्या रेषांत ठेवून खाली फीलर गेज (मोजीव जाडीची पाती) घालायचा. ०.०५ मिलीमीटरचं पातं शिरलं तर पृष्ठभाग वाकडा समजायचा. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. हेडला फेसिंग केलं आणि ब्लॉकचा माथा तपासलाच नाही, ही नेहमीची चूक आहे. पोलादी थरांचं गॅसकेट असेल तर पृष्ठभाग आणखी गुळगुळीत लागतो. नखाला खाच जाणवली तरी ते सील धरत नाही. दुसरी गोष्ट बोल्ट. अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट एकदा ताणले की लांबतात, ते नवेच हवेत. तिसरी, बोल्टांची भोकं. त्यात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट खाली बसायच्या आधीच द्रवाचा दाब येतो. ठरलेला जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, "झालं" म्हणून टक् वाजवतो, आणि हेड प्रत्यक्षात आवळलेलंच नसतं. जोर वाढवला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोकं हवेनं फुंकून कोरडी करा. जे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात त्यांच्या आट्यांना सीलंट लागतो. चौथी, क्रम. मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे रेंच द्या. आणि हेड पुन्हा लेथवर गेलं, तर गरम पाण्यात दाबाची चाचणी करून घ्या. व्हॉल्व्हच्या सीटांमधला केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही.

हळदीबद्दल. काकांचा उपाय थोतांड नाही. बारीक कण फटीत अडकून फुगतात आणि गळती काही दिवस थांबते. पण ते कण गळतीची फट आणि रेडिएटरची नळी यांत फरक करत नाहीत. ॲल्युमिनियम रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून जेमतेम दीड-दोन मिलीमीटर असतात, हीटरच्या त्याहून नाजूक. बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या पावडरीही त्याच जातीच्या. रानात अडकलात तर ठीक, नव्या इंजिनात नको. हळद पोह्यांतच राहू द्या. कोणी "थर्मोस्टॅटच काढून टाकू, गाडी थंड राहील" म्हणालं तर तेही नको. इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, नव्या रिंगा नीट बसत नाहीत आणि पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात लटकवून थर्मामीटर लावा. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, म्हणजे ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे.

"पाणी टाकत राहा" यातलं पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं आहे. बोअरिंगचं पाणी (इंजिनच्या नव्हे, अंगणातल्या) अजिबात नको. त्यातले क्षार चहाच्या पातेल्याला धरतात तसे ब्लॉकच्या आत धरतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणीही पिण्यासाठी आहे, रेडिएटरसाठी नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि घट्ट कूलंटमध्ये निम्मं-निम्मं मिसळा, किंवा तयार मिसळलेलं घ्या. एक-दोन महिने नुसतं पाणीच टाकत असाल तर तुमचं कूलंट आतापर्यंत चांगलंच पातळ झालं आहे. गळती थांबली की सगळं काढून नवं भरा. रंग पाहून मिसळू नका. हिरवं-लाल हे निर्मात्यानं घातलेले रंग आहेत, आतलं रसायन डब्यावर वाचा. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात, मुलांनाही ते तितकंच विषारी आहे.

भरताना गाडीचं तोंड थोडं उंच करा, चढावर लावली तरी चालेल. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं. लिटरभर ओतायचं, वरचा होज दाबून बुडबुडे काढायचे, पुन्हा ओतायचं. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग इंजिन चालू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा आली म्हणजे हवा निघाली. किती लिटर मावलं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धा लिटर कमी मावलं असेल तर हवा अजून आत असू शकते.

गॅरेजवाल्यांशी भांडू नका, आठवड्याची नोंद घेऊन जा आणि एवढंच म्हणा: "दादा, माझ्यासमोर एकदा प्रेशर टेस्ट करू या." काटा पडताना दोघांनी पाहिला की "सेट होईल" आपोआप थांबतं. बिलावर काय काय बदललं ते लिहून घेतलं नसेल तर आता घ्या. हेड त्यांच्या कामामुळे पुन्हा खोलावं लागलं, तर मजुरी त्यांची आणि गॅसकेट-बोल्ट तुमचे, अशी तडजोड बरेचदा होते.

ओंकारेश्वर. दुरुस्तीनंतर शहरात २०० किलोमीटर चालवा आणि चिकटपट्टीची पातळी हलली नाही तरच निघा. वाटेतला भेरू घाट जाताना उतार आहे, म्हणून जाताना गाडी शहाण्यासारखी वागेल. कसोटी परतीची. दुपारचं ऊन, पाच माणसं, एसी चालू आणि ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर चढ. बरोबर दोन लिटर मिसळलेलं कूलंट आणि एक क्लॅम्प ठेवा. काटा मध्याच्या वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबा. काटा अचानक खाली पडला तर जास्त घाबरा. कूलंट संपून सेन्सर नुसत्या वाफेत उरला की काटा असाच पडतो. इंजिन लगेच बंद करा, पाऊण तास झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका.